चारही चाकांनी ओढणारी गाडी

आमच्या घरी गाडी नव्हती आणि गाडीची हौसही नव्हती. हे आधीच सांगते, कारण त्या वर्षी मी ज्याला ज्याला जुन्या फोर-बाय-फोर स्टेशन वॅगनबद्दल विचारलं, त्याने त्याने 'बाईंना नसते शौक' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. शौक कसला डोंबलाचा! मी तेव्हा इतकी दमलेली असायचे की बसमध्ये दांडा धरून उभ्याउभ्या माझा डोळा लागायचा. गाडी हवी होती ती मुलीच्या शाळेसाठी.

मुलगी दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पाय गेले, पाठीतही जोर राहिला नाही. तिची चाकांची खुर्ची आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतली होती; मागे उंच पाठ, दोन्ही बाजूंना आधार, सगळं पक्कं जोडलेलं. ती मिटत नसे. बाजारातल्या मिटणाऱ्या खुर्चीत मुलगी दहा मिनिटांत एका अंगाला कलंडायची. दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर या खुर्चीमुळे काही अडलं नाही. शाळा दोन गल्ल्या सोडून. नवरा ऑफिसला जाण्याआधी खुर्ची ढकलत तिला वर्गात सोडून यायचा आणि दुपारी शेजारच्या बाई आणायच्या. शाळेनेही दरवर्षी तिचा वर्ग तळमजल्यावर ठेवला. त्याआधी दोन शाळांनी आम्हाला गोड बोलून वाटेला लावलं होतं, त्यामुळे या शाळेची किंमत आम्हाला ठाऊक होती.

मग नवरा रिटायर झाला. तो एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता आणि क्वार्टर त्याच्या नावावर होतं. मीही केंद्र सरकारच्याच नोकरीत, तेव्हा ते माझ्या नावावर फिरवता आलं असतं. पण तोवर गाझियाबादच्या सोसायटीत आमचा फ्लॅट तयार झाला होता, आणि मालकीचं घर असलेल्याला क्वार्टर नाही, असा नियम. बारा वर्षं त्या फ्लॅटची वाट पाहिली होती. मुद्दाम तळमजला मागून घेतला होता, सगळे दरवाजे खुर्चीच्या मापाने रुंद करून घेतले होते. एवढं सगळं मोजून मापून केलं आणि सोसायटीच्या फाटकापासून हायवेपर्यंतचा रस्ता मोजायचं तेवढं राहून गेलं.

मोजायला रस्ता होताच कुठे म्हणा. पाऊण किलोमीटर नुसती माती. दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या इमारतींचे ट्रक तिच्यावरून जायचे आणि गुडघाभर चाकोऱ्या पाडायचे. उन्हाळ्यात सगळं कोरडं होतं तोवर आम्ही भाड्याच्या टेम्पोने कसंबसं भागवलं. जुलैत सुट्टी संपून शाळा उघडली आणि पाऊस आला. टेम्पोवाल्याने हात वर केले. मग शेजारच्या एका भल्या माणसाने आपली व्हॅन दिली. तिच्यात मागची सीट काढली की खुर्ची मावायची. दुसऱ्याच दिवशी ती व्हॅन निम्म्या वाटेत चिखलात रुतली. सहा मजुरांनी ढकलली तेव्हा निघाली. आम्ही सगळे उतरलो होतो, मुलगी मात्र आतच होती. चाकं नुसती फिरत होती, व्हॅन हिंदकळत होती आणि ती दोन्ही हातांनी खिडकीची दांडी धरून बसली होती. त्या दिवशी ती शाळेत पोचली तेव्हा तिसरा तास चालू होता. शेजाऱ्याकडे पुन्हा व्हॅन मागायचं तोंड आम्हाला राहिलं नाही.

मुलगी अकरावीत होती. शाळेतून चिठ्ठी आली, अगदी सभ्य भाषेत: सहामाहीपर्यंत हजेरी भरली नाही तर नाव पटावर ठेवता येणार नाही. चिठ्ठी वाचून नवरा म्हणाला, "वर्षभर घरी राहील. काय बिघडतं?" मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारचं दार उघडलं. काय बिघडतं ते मला माहीत होतं. घरी राहिलेली मुलगी घरीच राहते. तिच्या वर्गात तिच्या तीन मैत्रिणी होत्या, आणि तिला मैत्रिणी अशा तेवढ्याच होत्या.

मी आमच्या खात्यात वाहनांचा विभाग सांभाळायचे. म्हणजे गाड्यांच्या फायली; गाडीचं चाक कधी हातात धरलं नाही. आमच्याकडे एक गढवाली ड्रायव्हर होते, रिटायरमेंटला आलेले. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आपको वो पुरानी वॅगन चाहिए. चारों पहिये खींचते हैं. पीछे आधा दरवाज़ा ऊपर, आधा नीचे. कुर्सी सीधी अंदर."

ती वॅगन मला आठवत होती. जीपच्याच घराण्यातली, पण मागे लांब, बंद, पत्र्याच्या टपाची. आमच्या खात्याचे लोक तिच्यात यंत्रं भरून डोंगरात जमिनीचे सर्व्हे करायला जायचे. मागे दोन्ही बाजूंना लांब बाकं असायची. खुर्ची मधे उभी करायची आणि मुलीला बाकावर पाय पसरून बसवायचं. नवऱ्यालाही जीप चालवता येत होती. नोकरीच्या सुरुवातीला तो कॅम्पवर शिकला होता. सगळं जुळत होतं, फक्त गाडी नव्हती. त्या दिवसांत दिल्लीत नव्या गाड्यांचं नुसतं पीक आलं होतं. रोज पेपरात पानभर जाहिरात, चकचकीत, इवल्याशा, चार माणसांच्या. नवी फोर-बाय-फोरही मिळत होती, पण तिची किंमत विचारायला दुकानात पाय ठेवायची आमची प्राज्ञा नव्हती. आमच्या आवाक्यातल्या एकाही गाडीत ती खुर्ची मावत नव्हती. नवऱ्याने खुर्चीची मापं एका कागदावर काढली होती आणि तो कागद घेऊन आम्ही रविवारी रविवारी हिंडत होतो.

पहिली वॅगन सापडली ती छतरपूरच्या एका फार्महाऊसवर. हिरवळीच्या कडेला फरशीवर उभी. असा रंग दिलेला की त्यात तोंड पाहावं. मालक पन्नाशीचे, बोलायला गोड. चहा दिला. मी म्हटलं, "हमें इस्तेमाल के लिए चाहिए." ते हसले. "इस्तेमाल? बहनजी, इसे इस्तेमाल थोड़े ही करते हैं. साल में एक बार निकालते हैं, फोटो खिंचती है." विकायची नव्हतीच, तरी त्यांनी आम्हाला तासभर तिचं कौतुक ऐकवलं. मूळचे दिवे कुठून मागवले, मूळचा आरसा कुठे मिळाला. नवरा बिचारा मान डोलावत होता. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. खरं तर त्याने आमचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

दुसरी मायापुरीच्या भंगार बाजारात होती. होती म्हणजे तिचा मागचा अर्धा भाग होता. पुढचा दोन दिवसांपूर्वी कापून गेला होता. "परसों आते तो मिल जाती," दुकानदार म्हणाला. तिसरी फरिदाबादला एका मंगल कार्यालयाच्या मागे उभी होती. तिच्या पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा सगळा सरंजाम कुणीतरी काढून विकला होता. म्हणजे चिखलात तिची आणि शेजाऱ्याच्या व्हॅनची गत एकच. असे पाच-सहा रविवार गेले. सोमवारी ऑफिसात मी फायलींवर डोकं ठेवून बसायचे आणि घरी मुलगी मैत्रिणींकडून फोनवर नोट्स लिहून घ्यायची. फोन कानाला लावून, मान वाकडी करून, तास-तास.

अखेर ड्रायव्हरसाहेबच म्हणाले, "अपने दफ़्तर की चार थीं ना, मॅडम? नीलामी में गई थीं. एक मानेसर वाला ले गया था. आदमी गाड़ी समझता है. उसने नहीं काटी होगी."

इथे मला माझ्याबद्दल काही सांगायला हवं. त्या चार वॅगन मीच कंडम केल्या होत्या. मी म्हणजे फाईल माझ्या टेबलावरून गेली होती. त्याच्या आधी एकदा असं झालं होतं की लिलावात विकलेल्या आमच्या एका जीपचे कागद कुणीतरी चोरीच्या जीपला लावले. त्या जीपने कुणालातरी उडवलं आणि पोलीस आमच्या दारात. खुलासा द्यायला मला आणि माझ्या साहेबांना तीन वेळा ठाण्यात जावं लागलं. त्यानंतर वॅगनच्या फाईलवर मी माझ्या डोक्याने एक ओळ घातली: गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द करावं आणि चासीवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेला, नंबर गॅसने कापून मगच गाडी ताब्यात द्यावी. साहेबांनी बाजूला लिहिलं, सूचना उत्तम आहे, मान्य. त्या दिवशी मी घरी येताना मिठाई आणली होती. अप्पर डिव्हिजन क्लार्कच्या सूचनेला कोण उत्तम म्हणतं?

मानेसरचं नाव निघालं तेव्हा मला ही ओळ आठवली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आठवली. चासीवर नंबर नसेल तर ती गाडी पुन्हा कधीच पास होत नाही, तिला रस्त्यावर आणता येत नाही, हेही मला दुसऱ्या कुणाहून जास्त माहीत होतं. पण मी मनाशी म्हटलं, सरकारात लिहिलेलं सगळं अमलात येतं थोडंच? वीस वर्षांच्या नोकरीत मी हजार सूचना कागदावर मरताना पाहिल्या होत्या. कोण गॅसवाल्याला बोलावतो, कोण उन्हात उभं राहून कापून घेतो? सगळा जन्म ज्या ढिलाईला नावं ठेवली, तिच्याच भरवशावर मी मानेसरला निघाले. नवऱ्यालाही ती ओळ माहीत होती. तोही मापांचा कागद खिशात घालून निघाला.

मुलीला बरोबर घ्यायचं नाही असं ठरलं होतं. पण ती म्हणाली, "बसणार मी आहे ना? मग बिल्कुल येणार." पाऊस चार दिवस थांबला होता, म्हणून टेम्पोवाला पुन्हा तयार झाला. तिची खुर्ची टेम्पोत मागे दोराने बांधली.

मानेसरला तेव्हा नवे कारखाने उठत होते. मोठ्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे छोटे छोटे भाग करणारी शेडं, मधे मधे बाजरीची शेतं, आणि शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमागे धावणारी माणसं. आमच्या माणसाचंही असंच एक शेड होतं. त्याच्या आवारात ती वॅगन लोखंडी पेट्या इकडून तिकडे वाहत होती. रंग उडालेला, एक दिवा नाही, पण चालू. दारावर आमच्या खात्याची पुसट अक्षरं अजून दिसत होती. मालक साठीचा हरियाणवी, धोतर आणि वर शर्ट. मुलीला पाहून त्याने काही विचारलं नाही. पेट्या उतरवायला लावल्या आणि दोन फळ्या आणवल्या. खुर्ची मागच्या दाराने सरळ आत गेली. नवऱ्याचा मापांचा कागद खिशातच राहिला.

आवाराच्या मागे सगळी चिखलाची जमीन होती, आमच्या रस्त्याहून वाईट. मालकाने खालचा दुसरा दांडा ओढला, चारही चाकांनी जोर धरला आणि वॅगन त्या चिखलातून हळूहळू, न हिंदकळता पार गेली. मी मुलीशेजारी बाकावर होते. ती हसत होती. "आई, बघ ना यार, कळतच नाहीये चिखल आहे!" मालक मागे वळून म्हणाला, "बिटिया, इसनै पहाड़ पे चढ़ा दे." तिने विचारलं, "अंकल, रोज़ स्कूल जा सकती है ये?" तो म्हणाला, "रोज के, दिन में दो बार." मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की थकवा म्हणजे काय असतो तेच आठवेना.

गाडी थांबली. नवरा खाली उतरला, बॉनेट उघडायला लावलं आणि खिशातून पेन्सिल व पातळ कागद काढला. गाडी पास करताना इन्स्पेक्टर चासीवर कागद धरून वरून पेन्सिल घासतो, म्हणजे कोरलेला नंबर कागदावर उतरतो. नवऱ्याने कागद धरला आणि घासायला सुरुवात केली. बराच वेळ तो घासत राहिला. ड्राफ्ट्समनचा हात, एकही जागा सुटली नव्हती. मग कागद त्याने माझ्यापुढे धरला. त्यावर वितळून थिजलेल्या लोखंडाच्या वेड्यावाकड्या सुरकुत्या होत्या. आकडा एकही नव्हता.

"यो तो कटा होया सै," मालक म्हणाला. "आवारातच चालवतो, म्हणून माझं अडत नाही," असं काहीसं तो पुढे सांगत होता. "नीलामी के टैम काट के दिया. किसी बाबू ने कलम चला दी होगी. बैठे-बैठे और के काम सै उनका? चोखी-भली गाड़ी की ज़ुबान काट दी."

आतून मुलगी ओरडली, "कौन था वो बाबू? उसको तो मैं...!" आणि तिने त्या बाबूला हिंदीत दोन अशा शिव्या दिल्या की मालक खळखळून हसला. नवरा चुकूनही माझ्याकडे बघत नव्हता. मी जमिनीकडे पाहत उभी होते.

मालकाने मग आवाज खाली आणला. दुसऱ्या एका मेलेल्या जीपचे कागद त्याच्याकडे होते. तिचा नंबर या चासीवर ठोकून देईन म्हणाला. रंग दिला की कुणाला कळणार नाही. दिल्लीत अशा शेकडो फिरताहेत. नवरा नाही म्हणायला तोंड उघडत होता, तेवढ्यात मी म्हटलं, "लगा दीजिए. कितने दिन लगेंगे?"

"अगं, तू?" नवरा म्हणाला. एवढंच.

"हो, मी," मी म्हटलं. मला त्याचाही राग आला. नियम पाळायचा ठेका मीच का घ्यायचा? जिच्यासाठी ठाण्यात तीन खेपा घातल्या, त्या सरकारी जीपपेक्षा माझी मुलगी मला जवळची होती, आणि ते कबूल करायला मला कसलीही लाज वाटत नव्हती. मालकाने आठ दिवस सांगितले.

ती गाडी आमच्या घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून नको म्हणून सांगितलं. सहामाही होताच शाळेतून मुलीचं नाव कमी झालं. तिने बारावी घरी बसून बाहेरून दिली आणि पासही झाली. मैत्रिणींचे फोन दिवाळीपर्यंत येत राहिले, नंतर थांबले. रस्ता पुढे झाला, डांबरीही झाला, पण तोवर तिला कुठे जायचं उरलं नव्हतं.

नको का म्हणाले, ते मानेसरहून परतताना टेम्पोतच ठरलं होतं. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी होता. मागे मी आणि मुलगी, मी एका उलट्या डब्यावर, ती बांधलेल्या खुर्चीत. ती म्हणाली, "आई, तो दुसरा नंबर पकडला गेला तर?"

"नाही पकडत गं."

"पण पकडला तर? गाडी जप्त करतात ना? तू आणि बाबा उतराल. मी कशी उतरणार?"

मला व्हॅन दिसली, ती ढकलणारे मजूर दिसले आणि दांडी धरलेले तिचे हात दिसले. हा विचार माझ्या मनात आला नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढल्या, तिला ही एवढी गोष्ट सुचली नव्हती. मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी तिला सांगून टाकलं की ती कलम चालवणारा बाबू मीच होते. कोणत्या साली, का, कसं, सगळं सांगितलं. ते लिहिलं तेव्हा बरोबरच होतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता; सोळा वर्षांच्या मुलीचा असू नये इतका.

"मग मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "त्या बाबूवर रागवत होते, तेच बरं होतं ना."